दोन लाख की एक लाख? युद्धात मेलेली माणसं मोजायची कशी

युगोस्लाव्हिया फुटून वेगळा झालेल्या बोस्नियातलं युद्ध १९९२ च्या वसंतात पेटलं आणि १९९५ च्या डिसेंबरात करारावर सह्या होऊन थांबलं. त्यानंतर कितीतरी वर्षं वर्तमानपत्रांत मृतांचा आकडा छापून यायचा तो दोन लाख. कुठे अडीच लाख. युद्ध चालू असतानाच कुणीतरी तो अंदाजाने सांगितला होता. दुसऱ्याने त्याचा हवाला दिला, तिसऱ्याने दुसऱ्याचा, आणि होता होता तो इतका रुळला की त्यावर शंका घेणंसुद्धा मृतांचा अपमान वाटू लागलं. पण हे दोन लाख लोक कोण, त्यांची नावं कुठे लिहून ठेवली आहेत, असं विचारलं तर कुणापाशीच उत्तर नव्हतं.

सारायेव्होतल्या मिर्साद तोकाचा यांनी ती नावं गोळा करायची असं ठरवलं. त्यांच्या संशोधन आणि दस्तऐवज केंद्रातल्या लोकांनी कबरींवरचे दगड वाचले, सैन्याची दप्तरं चाळली, वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता कापून ठेवल्या, घरच्यांचे जबाब घेतले. २००७ साली यादी जाहीर झाली तेव्हा तीत ९७,२०७ नावं होती. पुढे दुरुस्त्या होऊन ती ग्रंथरूपाने आली तेव्हा ९५,९४०.

यावर गदारोळ झाला. आमचं दुःख तुम्ही निम्म्यावर आणलंत, असा आरोप तोकाचांवर त्यांच्याच समाजातून झाला. खरं तर त्या यादीने दोन गोष्टी एकदम उघड केल्या होत्या. एकूण मृत्यू समजत होते त्याच्या निम्मे होते, हे एक. आणि मारल्या गेलेल्या नागरिकांपैकी शेकडा ८३ बोस्नियाक मुस्लिम होते, हे दुसरं. ‘सगळ्यांनीच सगळ्यांना मारलं’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांना ही दुसरी गोष्ट फार अडचणीची होती, कारण आता ती नाव, गाव आणि तारखेसकट समोर होती. हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणाच्या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी वेगळ्या वाटेने काढलेला अंदाज २०१० साली प्रसिद्ध झाला: १,०४,७३२. दोन वेगळ्या रस्त्यांनी निघालेली माणसं इतक्या जवळ येऊन पोचतात तेव्हा त्या आकड्यावर भरवसा ठेवता येतो.

फुगलेला आकडा निरुपद्रवी असतो असं समजू नये. त्याच प्रदेशात दुसऱ्या महायुद्धात क्रोएशियातल्या तेव्हाच्या राजवटीची यासेनोवाट्स नावाची छळछावणी होती. तिथे सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची कत्तल झाली. युगोस्लाव्हियात अनेक दशकं सांगितला गेलेला आकडा सात लाख होता. आज तिथल्या स्मारकाच्या यादीत ८३,१४५ नावं आहेत. एका छावणीत त्र्याऐंशी हजार माणसं मारली जाणं ही भीषण गोष्ट आहे, तिला वाढवून सांगायची काहीच गरज नव्हती. पण नावांची पक्की यादी वेळेवर झाली नाही, म्हणून सर्ब बाजूने आकडा वाढवत नेला, क्रोएट बाजूने तो नाकारत नेला, आणि १९९० च्या आसपास जुन्या मृतांच्या नावाने नव्या पिढीला चिथावणं सोपं गेलं. आपल्या मृतांचं असं होऊ नये ही तोकाचांची तळमळ होती, आणि मला ती अगदी पटते.

एक नोंद कशी बनते

बाहेरून हे काम कारकुनी वाटतं. आत शिरलं की त्यातली जोखीम कळते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

गावच्या इमामाने केलेल्या यादीत एक हसन आहे. वडील इब्राहिम, जन्म १९६१, गाव झ्वोर्निकजवळचं, मृत्यू जुलै १९९२. सैन्याच्या दप्तरात एक हसन आहे. वडील इब्रो, जन्म १९६१, मृत्यूची जागा तुझला, महिना ऑगस्ट. रेड क्रॉसकडे बेपत्ता म्हणून नोंदवलेल्यांत आणखी एक हसन. वडिलांचं नाव नाही, जन्म १९१६, शेवटचा दिसला जूनमध्ये. हे तीन हसन की एकच?

आपल्याकडे नावाला वडिलांचं नाव लागतं तसंच तिथल्या दप्तरातही लागतं, आणि नोंदी जुळवणाऱ्याला पहिला आधार तोच असतो. इब्रो हे इब्राहिमचंच घरगुती रूप. १९१६ आणि १९६१ मध्ये लिहिणाऱ्याच्या हातून आकडे उलटे पडले असतील. जखमी झाला गावाजवळ, नेला तुझल्याच्या रुग्णालयात, तिथे महिन्याने गेला, असंही असेल. म्हणजे तिन्ही नोंदी एकाच माणसाच्या. पण गावात एकाच नावाचे दोन चुलतभाऊही असू शकतात. तिघांना वेगळं धरलं तर दोन खोटे मृत्यू यादीत शिरतात. दोन खऱ्या भावांना एक समजलं तर त्यातल्या एकाची आठवण कागदावरून पुसली जाते. म्हणून मग घरी फोन करायचा, कबरीचा फोटो मागवायचा, जन्मदाखला शोधायचा. संगणक हजारो संशयास्पद जोड्या काढून देतो, पण अखेरचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

आणखी एक गाठ आहे ती सैनिक की नागरिक या रकान्याची. बोस्नियाच्या यादीत निम्म्याहून जास्त मृत सैनिक म्हणून नोंदले आहेत. पण त्यात असेही लोक आहेत ज्यांना घरच्यांनी युद्धानंतर सैनिक म्हणून नोंदवलं, कारण सैनिकाच्या विधवेला पेन्शन मिळत होती. त्या बाईला मी दोष देणार नाही. यादी करणाऱ्याला मात्र हे ठाऊक असावं लागतं, आणि यादीसोबत ते लिहूनही ठेवावं लागतं, नाहीतर पुढचा अभ्यासक त्या रकान्यावरून भलताच निष्कर्ष काढेल.

पूर्व बोस्नियातल्या स्रेब्रेनिकाची गोष्ट याहून अवघड. जुलै १९९५ मध्ये तिथे बोस्नियन सर्ब सैन्याने आठ हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारून सामूहिक खड्ड्यांत पुरले. काही आठवड्यांनी, पुरावा सापडू नये म्हणून, तेच खड्डे यंत्रांनी उकरले आणि प्रेतं ट्रकांत भरून दूरदूरच्या जागी पुन्हा पुरली. यंत्राच्या दातांनी देह तुटले. एकाच माणसाची हाडं दोन-तीन वेगवेगळ्या खड्ड्यांत सापडली आहेत. अशा वेळी कवट्या मोजून चालत नाही, कपड्यांवरूनही खात्री होत नाही. बेपत्ता व्यक्तींसाठीचा आंतरराष्ट्रीय आयोग १९९६ साली स्थापन झाला होता. त्याने हजारो नातेवाइकांच्या रक्ताचे थेंब गोळा केले आणि २००१ पासून हाडांतला डीएनए त्यांच्याशी जुळवायला सुरुवात केली. स्रेब्रेनिकाच्या सुमारे सात हजार बळींची ओळख आज पटलेली आहे. दर ११ जुलैला स्रेब्रेनिकाजवळच्या पोतोचारीच्या दफनभूमीत त्या वर्षी ओळख पटलेल्यांना माती देतात. काही आयांसमोर असाही प्रश्न आला की मुलाची दोनच हाडं सापडली आहेत, ती आत्ता पुरायची की बाकीची सापडेपर्यंत थांबायचं. काहींनी पुरली, आणि पुढे आणखी हाडं सापडल्यावर कबर पुन्हा उघडावी लागली.

यादी आणि अंदाज

बातमीत ‘इतके ठार’ असं वाचलं की त्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टींपैकी एक असते. एकेक मृत्यू नोंदवून केलेली बेरीज, किंवा नमुन्यावरून काढलेला अंदाज. या दोन्हींची सरमिसळ झाली की वाद पेटतात.

इराकमध्ये हेच झालं. अमेरिकी सेनापती टॉमी फ्रँक्स यांनी आधीच, अफगाणिस्तानच्या संदर्भात, आम्ही मृतदेहांची मोजणी करत नाही असं सांगून टाकलं होतं. २००३ च्या हल्ल्यानंतर हमीत दर्दगन आणि मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉन स्लोबोडा यांनी इराक बॉडी काउंट हा उपक्रम चालवला. बातम्या, शवागारांच्या नोंदी यांतून नागरिकांचा एकेक मृत्यू टिपायचा, ही त्यांची पद्धत. २००६ च्या मध्यापर्यंत त्यांची बेरीज पन्नास हजारांच्या आत होती. त्याच काळासाठी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पाहणीने हिंसक मृत्यू सुमारे सहा लाख सांगितले. जागतिक आरोग्य संघटना आणि इराकी आरोग्य खातं यांची पाहणी १,५१,००० वर आली.

सहा लाखांची पाहणी १,८४९ घरांत जाऊन केली होती, आणि त्या घरांनी सांगितलेले हिंसक मृत्यू सुमारे तीनशे होते. म्हणजे पाहणीतला एक मृत्यू देशाच्या हिशोबात दोन हजार होऊन येतो. घरं निवडताना थोडीशी चूक झाली, समजा मोठ्या रस्त्यालगतची घरं जास्त आली, तरी आकडा कुठच्या कुठे जातो. आरोग्य खात्याच्या पाहणीत नऊ हजारांहून जास्त घरं होती. उलट बाजूने, बातम्यांवर विसंबलेली बेरीज कमीच भरणार, कारण जिथे वार्ताहर पोचत नाही तिथलं मरण बातमीत येत नाही. ज्याची नोंद झाली ते किमान, आणि जो अंदाज आहे तो अमुक पासून तमुकपर्यंतचा पट्टा, असं सरळ सांगितलं असतं तर निम्मा वाद झालाच नसता. इराक युद्धातल्या ब्रिटनच्या सहभागाची तपासणी करणाऱ्या चिलकॉट चौकशीने २०१६ साली आपल्याच सरकारवर ठपका ठेवला की इराकी नागरिकांच्या मृत्यूंचा छडा लावायला त्याने जास्त प्रयत्न करायला हवे होते.

नोंद आणि अंदाज यांना जोडणारी एक रीत आहे, आणि ती समजायला शाळेतलं गणित पुरतं. एका शहरात दोन गट एकमेकांना न विचारता मृतांच्या याद्या करतात. पहिल्याच्या यादीत ६०० नावं, दुसऱ्याच्या ५००. जुळवून पाहिलं तर ३०० नावं दोन्हीकडे आहेत. म्हणजे दुसऱ्याच्या ५०० पैकी ३०० पहिल्यालाही सापडली होती, शेकडा ६०. पहिल्याची पोच शेकडा ६० असेल, तर त्याची ६०० नावं एकूण मृतांच्या शेकडा ६० आहेत, आणि एकूण मृत्यू सुमारे १,००० झाले असणार. दोन्ही याद्या मिळून वेगळी नावं ८०० होतात. उरलेले २०० कुणाच्याच यादीत नाहीत, तरी ते आहेत हे कळलं. दोन्हीकडची सामाईक नावं जितकी कमी, तितके निसटलेले जास्त.

मेख अशी की दोन याद्या खरोखर स्वतंत्र क्वचितच असतात. दोघेही एकाच रुग्णालयात जाऊन नावं लिहून आणत असतील, तर सामाईक नावं उगाच वाढतात आणि अंदाज खाली येतो. म्हणून तज्ज्ञ तीन-चार किंवा त्याहून जास्त याद्या घेतात आणि त्यांच्यातले संबंधही हिशोबात धरतात. सीरियात संयुक्त राष्ट्रांनी २०१४ च्या सुरुवातीला मोजणी थांबवली होती, खात्री करणं शक्य नाही म्हणून. ती पुढे पुन्हा सुरू झाली. २०२२ च्या जूनमध्ये त्यांच्या मानवाधिकार कार्यालयाने मार्च २०११ ते मार्च २०२१ या दहा वर्षांचा हिशोब मांडला. नाव, तारीख आणि जागेसह नोंदलेले नागरिक १,४३,३५०. आठ स्रोत ताडून, कुठेच न नोंदलेल्यांचा काढलेला अंदाज १,६३,५३७. एकूण ३,०६,८८७. दोन्ही भाग वेगळे दाखवले होते, आणि मला त्या अहवालातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

गाझात ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांवर अमेरिकेच्या अध्यक्षांनीच अविश्वास दाखवला. लगेच २६ तारखेला मंत्रालयाने यादी प्रसिद्ध केली. ७,०२८ मृतांपैकी ६,७४७ जणांची नावं, वय, स्त्री की पुरुष आणि ओळखपत्राचा क्रमांक. यादी आली की ती तपासता येते, चुका दाखवता येतात, आणि पुढे त्या यादीतून काही नावं वगळलीही गेली. इस्रायलनेही ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यातल्या आपल्या मृतांचा आकडा नोव्हेंबरमध्ये १,४०० वरून सुमारे १,२०० वर आणला, कारण जळालेल्या काही देहांची तपासणी झाल्यावर ते हल्लेखोरांचे निघाले. अशी दुरुस्ती झाली की समाजमाध्यमांवर दोन्हीकडून ‘बघा, खोटं बोलत होते’ अशी ओरड होते. मी उलट म्हणेन. महिनोन् महिने जो आकडा जराही हलत नाही त्याचीच जास्त चौकशी करावी. ‘लॅन्सेट’मध्ये २०२५ च्या जानेवारीत आलेल्या अभ्यासाने वर सांगितलेली याद्या जुळवण्याची रीत गाझासाठी वापरली. मंत्रालयाची यादी, ऑनलाइन भरून घेतलेली माहिती आणि समाजमाध्यमांवरच्या श्रद्धांजली, अशा तीन याद्या. जून २०२४ च्या अखेरीपर्यंत जखमांनी झालेले मृत्यू सुमारे ६४,००० असावेत असा अंदाज निघाला. मंत्रालयाचा त्या वेळचा आकडा अडतीस हजारांच्या आसपास होता.

कोण निसटतं

कुणाचं मरण यादीबाहेर राहतं, यात एक ठरावीक रीत दिसते. पेरूत १९८० ते २००० या काळातल्या हिंसाचारावर सत्यशोधन आयोगाने २००३ साली अहवाल दिला. सर्वसाधारण समजुतीच्या दुपटीच्या आसपास, म्हणजे सुमारे ६९,००० बळी गेले असावेत असं त्यात होतं. बळींपैकी चारातले तीन क्वेचुआ किंवा दुसरी आदिवासी भाषा बोलणारे होते. डोंगरातल्या त्या माणसांचं मरण राजधानी लिमाला जाणवलंच नव्हतं.

आपल्या घरचंही उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ब्रिटिशांची सहावी पुणे डिव्हिजन लढली. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कुतच्या वेढ्यात उपासमार सोसून १९१६ च्या एप्रिलमध्ये त्यांना शरण जावं लागलं, आणि कैदेतही अनेक जण मेले. ज्यांच्या कबरी माहीत नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी बसरा इथे स्मारक उभारलं गेलं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली. भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं, आणि साध्या शिपायांचा पलटणीवार निव्वळ आकडा. अशी स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली स्वतःच्याच कारभाराची चौकशी करून मान्य केलं की प्रामुख्याने पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन अशा किमान १,१६,००० आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांचं स्मरण नावाने, किंवा मुळीच, केलं गेलं नाही. साताऱ्याच्या किंवा कोकणातल्या एखाद्या घरात ‘पणजोबा बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत’ एवढंच ठाऊक असेल, तर त्यामागे ही दप्तरी बेपर्वाईही आहे.

सुधारणा कुठवर आली

नियम आहेत. १९४९ च्या जिनीव्हा करारांनी मृतांची ओळख टिपणं आणि कबरींची नोंद ठेवणं लढणाऱ्या बाजूंवर बंधनकारक केलं. १९७७ च्या पहिल्या जोड-करारातल्या ३२ व्या कलमाने आपल्या माणसाचं काय झालं हे जाणून घेण्याचा कुटुंबाचा हक्क मान्य केला. पण सगळ्या मृतांची, नागरिकांसकट, एक पूर्ण यादी करण्याची जबाबदारी नेमकी कुणावर, हे कुठेच स्पष्ट नाही. म्हणून हे काम बहुतेक ठिकाणी छोट्या संस्थांनी अंगावर घेतलं. बेलग्रेडमध्ये नताशा कांदिच यांच्या ह्युमॅनिटेरियन लॉ सेंटरने कोसोव्होच्या युद्धातल्या १३,५३५ मृत आणि बेपत्ता लोकांची नावं गोळा केली, अल्बेनियन आणि सर्ब दोघांचीही. बाहेरच्या संख्याशास्त्रज्ञांनी तपासून सांगितलं की यातून जवळजवळ कुणीच सुटलेलं नाही. सर्बियाच्या राजधानीत बसून अल्बेनियन मृतांची यादी करायला केवढं धैर्य लागलं असेल!

अशा निरनिराळ्या देशांतल्या संस्थांचा अनुभव एकत्र करून लंडनच्या एव्हरी कॅज्युअल्टी या संस्थेने २०१६ साली या कामाची मानकं प्रसिद्ध केली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाची मार्गदर्शिका २०१९ मध्ये आली. दोन्हींचा गाभा साधा आहे. कुणाला मोजणार आणि कुणाला नाही हे आधी जाहीर करा. एकाच स्रोतावर विसंबू नका. कोणती नोंद पक्की आणि कोणती अर्धवट हे दाखवा. चूक सांगणाऱ्यासाठी दार उघडं ठेवा. आणि माहिती देणाऱ्याच्या जिवाला धोका असेल तर त्याचं नाव कुठल्याही परिस्थितीत बाहेर जाऊ देऊ नका. हे शेवटचं कलम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण युद्ध चालू असताना ‘माझ्या भावाला कुणी मारलं’ हे सांगणारा माणूस त्याच मारणाऱ्यांच्या बंदुकीखाली राहत असतो.

नोंदींचा उपयोग जिवंत माणसांनाही होतो. अफगाणिस्तानात संयुक्त राष्ट्रांची तुकडी प्रत्येक घटना शक्यतो तीन वेगळ्या प्रकारच्या स्रोतांकडून ताडून पाहायची: प्रत्यक्षदर्शी, डॉक्टर, गावचे वडीलधारे. कोणत्या शस्त्राने, कुणाच्या हातून, हेही लिहायची. हवाई हल्ल्यांत नागरिक मरतात याचा पुरावा असा साचत गेल्यावर २००९ मध्ये नाटोच्या सेनापतींनी हल्ल्यांचे नियम कडक केले. त्या वर्षी हवाई हल्ल्यांत ३५९ नागरिक मेले होते, पुढच्या वर्षी १७१. शस्त्र आणि जबाबदार बाजू हे दोन रकाने नसते, तर नेमका कुठला नियम बदलायचा हे कळलंच नसतं.

जखमींच्या बाबतीत मात्र आपण अजून फार मागे आहोत. पाय गेलेला, डोळा गेलेला, आयुष्यभर छर्रे अंगात घेऊन फिरणारा माणूस बहुतेक याद्यांत नसतो. काय मोजलं म्हणजे जखमी, यावरच एकमत नाही. कुठे मलमपट्टी करून घरी गेलेलाही जखमी, कुठे रुग्णालयात भरती झाला तरच. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत युद्धातल्या मृत्यूंचा निर्देशांक आहे, तो वय, स्त्री-पुरुष आणि कारण यांनुसार मागितला जातो, पण तोही फक्त मृत्यूंचा. कृत्रिम पाय किती लागतील, फिजिओथेरपी कुठे हवी, कुणाला पेन्शन द्यायची, हे ठरवायला युद्ध संपल्यावर सरकारांना पुन्हा घरोघर जाऊन विचारावं लागतं, आणि तोवर त्यातले कित्येक जण गाव सोडून गेलेले असतात.